कोंडाबाईचे घिरट आणि हिरडवाडीचा निवाडा

कोंडाबाई चेटकीण आहे हे हिरडवाडीच्या ध्यानात यायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. आणि एकदा ध्यानात आल्यावर तिला वाडीबाहेर घालवायला अर्धा दिवस पुरेल, असे सर्वांचे मत पडले. न्यायदानातील ही तत्परता वाडीने पाणवठ्याच्या दुरुस्तीत किंवा शाळेच्या छपराबाबत एकदा जरी दाखवली असती, तरी पुष्कळांचे कल्याण झाले असते.

कोळवणच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटलेली ही पंचवीस उंबऱ्यांची वाडी. साल १९५८. कोंडाबाईचा नवरा वारून बारा वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते आणि माहेरी दिवा लावायलाही कोणी उरले नव्हते. तिच्यापाशी होते ते एक कुडाचे घर आणि त्या घरात एक घिरट, म्हणजे धान्य भरडण्याचे भले दांडगे जाते. साऱ्या वाडीचा हरीक तिथे भरडला जाई.

हरीक हे धान्य दिसायला गरीब, पण स्वभावाने भरवशाचे नाही. एखाद्या साली ते माजते. माजलेला हरीक पोटात गेला की हात थरथरतात, पाय लटपटतात, डोळे फिरतात. म्हणून तो शेणमातीत कालवायचा, उन्हात वाळवायचा, धुवायचा आणि असे तीन वेळा केल्यावरच भरडायचा, अशी जुनी रीत होती. लेप न दिलेला दाणा कोंडाबाई घिरटात पडू देत नसे. "घरी ने अन् कालवून आण," एवढे ती उंबऱ्यावरूनच सुनावी. मग समोर कारभाऱ्याची बायको असो की कोणी असो. गोड बोलण्याची कला तिला अवगत नव्हती आणि ती शिकण्याची गरजही तिला कधी वाटली नाही.

त्या वर्षी खाली ओढ्याकाठी डिझेलची गिरणी आली. गिरणीवाल्याने पहिल्याच दिवशी बजावले, "शेनामातीचं धान्य माज्या चक्कीत पडनार न्हाई." झाले. आज्या-पणज्यांपासून चालत आलेली रीत वाडीने त्या एका वाक्यासरशी सोडून दिली. हरीक परस्पर गिरणीत जाऊ लागला आणि कोंडाबाईच्या घिरटावर कोळ्याने जाळे विणले.

एका सकाळी कारभारी गेणबाची बायको सगुणाबाई डोक्यावर टोपली घेऊन दारावरून निघाली होती.

"सगुणे, टोपलीत काय गं?"

"हरीक, आत्या. गिरनीवर चाललेय."

"लेप दिलास?"

"लेपाचं घेत न्हाई त्यो. अन् तेवढा येळ कुनाला हाय आता?"

"मग नाचायला येळ काढून ठेव. असाच खाशील, तर आठ दिसांत नाचशील!"

सगुणाबाई फिदीफिदी हसली. आठ दिवस लागले नाहीत. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर भांडी घासता घासता तिचे हात थरथरू लागले, मान डुलू लागली आणि ती अंगणात फेर धरल्यासारखी फिरू लागली. सासूने लिंबू उतरवले, नणंदेने पाय चेपले, गेणबाने स्वतः गुळाचा चहा करून पाजला. लग्नानंतर प्रथमच सगुणाबाई दिवसाउजेडी अंथरुणावर पडली.

दुसऱ्या दिवशी तीन बायका थरथरल्या, तिसऱ्या दिवशी सात. त्यांतील दोघींच्या घरी त्या आठवड्यात हरीक शिजलाही नव्हता. पण शेजारणीला गुळाचा चहा मिळत असताना आपण धडधाकट राहणे कोणाला शोभते? गेणबाचा कोंबडाही सांडलेले दाणे टिपून तिरपा चालू लागला, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर झाले.

नथू गुरवाकडे वाडीत दोन खाती होती: वाघजाईची पूजा करणे आणि अंगात आणणे. त्याने सगुणाबाईला विचारले, "कुनी केलं? नाव घे!"

सगुणाबाईने दात वाजवत आठवेल ते सांगितले. "कोंडाआत्या... म्हनली... नाचशील..."

मग पुराव्याला काय तोटा? कोंडाबाईने आधीच सांगितले होते, म्हणजे तिनेच केले असणार. गिरणीमुळे तिचे काम गेले होते, म्हणजे तिचा दावाही होता. शिवाय ती घरात एकटीच ओव्या म्हणते; ऐकायला दुसरे माणूस नसेल तर त्या ओव्या कशा, ते मंत्रच म्हणायचे! ज्या बायका वीस वर्षे तिच्याबरोबर त्याच ओव्या म्हणत दळत होत्या, त्यांनीही गंभीरपणे माना हलवल्या.

मंगळवारी सकाळी देवळापुढे निवाडा ठरला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर कोंडाबाई निर्दोष, डावी पडली तर तिचे घर मोडायचे, घिरट दरीत लोटायचे आणि तिला वाडीच्या शिवेबाहेर काढायचे. कोंडाबाईला उंबराच्या झाडाखाली, सर्वांपासून वीस हात दूर बसवले. आपण इथून उठलो तर जायचे कुठे, या एकाच प्रश्नाचे उत्तर ती रात्रभर शोधत होती आणि ते तिला सापडलेले नव्हते.

इतकी माणसे जमली म्हणजे जेवण आले. गेणबाने हरकाचा भात आणि आमटी शिजवून घेतली होती. वरच्या माळावरचा धुळाजी धनगर ताकाचा डेरा घेऊन आला होता. त्याने मात्र आपली भाकर फडक्यातून सोडली. "हरीक आमाला सोसत न्हाई," तो म्हणाला.

भाताचा वास उंबरापर्यंत आला आणि कोंडाबाईने मान वर केली.

"कारभारी, ह्यो हरीक लेपाचा हाय का?"

"तुला काय करायचंय? तुला कोन वाढतंय?"

ती गप्प राहती तर तिचेच भले झाले असते, हे तिलाही कळत होते. पण इतक्या वर्षांची सवय स्वार्थापेक्षा बळकट निघाली. ती ओरडली, "खाऊ नगा रे! समदी नाचाल!"

"ऐकलंत?" नथू उसळला. "देवीम्होरं शाप देतीया!"

आतापर्यंत जे नको म्हणत होते, तेही मग देवीवरील श्रद्धेपोटी पानावर बसले आणि दोन-दोनदा वाढून घेतले.

कौल लावायला नथू उठला, तेव्हा तो झुलत होता. तो नेहमीच झुलत असल्यामुळे कोणाला काही वाटले नाही. "देवी आली," असे म्हणून लोकांनी हात जोडले. नथूने पहिली पाकळी देवीच्या नाकावर लावली आणि दुसरी स्वतःच्या. गेणबा मदतीला गेला आणि देवीऐवजी खांबाच्या पाया पडून तिथेच बसला. पाठोपाठ निवाड्याला बसलेले पंच एकेक करून कलले. डावी पाकळी, उजवी पाकळी आणि निम्मी वाडी एकदमच खाली पडली.

"धुळाजी, ताक पाज त्यास्नी!" कोंडाबाई बसल्या जागेवरून ओरडली. "कारभारी, उठू का मी? तुमीच बसवलंया."

गेणबाची जीभ जड झाली होती. "ऊठ... ऊठ गं माय!"

ती उठली. दिवस कलेपर्यंत तिने आणि धुळाजीने माणसांना धरधरून ताक पाजले. कोणाला कुशीवर निजवले, कोणाच्या तोंडावर पाणी मारले. नथूला पाजताना तिने त्याच्या नाकावरची पाकळीही काढली.

पंच उठून बसते झाल्यावर धुळाजी म्हणाला, "आमी दोगांनी हरीक खाल्ला न्हाई, आमी दोगं धड हाओत. ह्यात चेटूक कुटं आलं?"

इतके सरळ बोलणे वाडीत कोणालाच रुचले नाही.

"तुज्यावर बिरोबाची राखन हाय," नथू म्हणाला. "तुज्यावर तिचं चालायचं न्हाई."

गेणबा मात्र विचारात पडला होता. "नथू, जी बाई वीस हातांवरनं सगळ्या पंचांना आडवं करती, ती शिवेपल्याड बसून रागावली तर रं? हितं हाय तर निदान उठवती तरी."

हा मुद्दा सर्वांना पटला. कोंडाबाईने वाडीतच राहावे, असे ठरले.

कोंडाबाईने मनाशी हिशेब केला. आपण चेटकीण नाही, असे आता सांगावे, तर नुकतेच मिळालेले घर जाणार. खरे सांगून तिने दोनदा पाहिले होते. त्याचा उपयोग डोळ्यांसमोर होता. तिने उतारावरच्या आपल्या कुडाच्या घराकडे पाहिले आणि पदर खोचला.

"ऱ्हाते. पन माज्या मंत्राला शेनमाती लागती. हरीक तीन येळा कालवायचा, तीन येळा वाळवायचा, अन् मगच माज्या घिरटावर आनायचा. जी चुकंल, तिचं मी बघंन."

"व्हय, आत्या," बायका एका सुरात म्हणाल्या.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तिच्या अंगणात बायका कोपरापर्यंत शेणमातीत हात घालून बसत आणि ती उंबऱ्यावरून "आजून कालव" म्हणून खेकसे. वाडीत पुन्हा कोणी थरथरले नाही. त्याचे श्रेय नथूने कौलाला दिले. तिला निर्दोष असे मात्र कोणी एका शब्दाने म्हटले नाही, क्षमा मागणे तर दूरच. गेणबा भरडलेला हरीक न्यायला येई, तेव्हा अंगणाच्या कडेलाच हात जोडून उभा राही.

नथूची वाट तिच्या घरावरून होती. त्याची चाहूल लागली की कोंडाबाई घिरटाचा खुंटा घट्ट धरी आणि ओवी जरा चढ्या आवाजात म्हणू लागे.