नानांच्या खाटेवर रोखलेला कॅमेरा

आमची केळी कोणीतरी कापून टाकली त्या दिवशी मी जळगावला होते. सकाळी अप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. "बाग कापली गं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी तशीच गाडी काढली आणि गाव गाठलं.

बांधाकडच्या सहा ओळी आडव्या पडल्या होत्या. कोयत्याचा एकेक घाव, तोही कंबरेइतक्या उंचीवर. खोडातून अजून पाणी गळत होतं. पंधरा दिवसांत घड उतरवायला माणसं येणार होती. आई एका पडलेल्या घडाजवळ उकिडवी बसून पदरानं त्यावरची माती पुसत होती. कशासाठी पुसत होती, तिलाच ठाऊक. तो घड आता कोणीच घेणार नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. "कोणावर संशय?" असं विचारल्यावर अप्पा म्हणाले, "कोणावरच नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अख्ख्या गावाला जे कळत होतं ते त्यांना कळत नव्हतं? बांधापलीकडे नानांचं शेत. नाना म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ. दोघांची विहीर सामाईक, आणि पाण्याच्या पाळीवरून वर्षभर धुसफूस चाललेली. त्या सकाळी आजूबाजूचे सगळे शेतकरी आमच्या बागेत येऊन हळहळून गेले. नाना आले नाहीत. त्यांच्या शेतातल्या निंबाखाली खाट टाकून ते बशीतून चहा पीत होते. मी बांधावर उभी राहिले तेव्हा त्यांनी मला पाहिलं, बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या, आणि पुन्हा बशी उचलली.

रात्री अप्पा म्हणाले, "जाऊ दे. पुन्हा लावू." मला मात्र जाऊ द्यायचं नव्हतं.

जळगावच्या एका ऑफिसात मी ड्रोन उडवायचं काम करते. टॉवर, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची छपरं, जिथं माणूस चढवणं धोक्याचं तिथं आम्ही कॅमेरा पाठवतो. मार्ग आधीच मोबाईलवर आखायचा, मग ड्रोन आपला आपण फिरून येतो. पहिल्या वर्षी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका टाकीभोवती मी ड्रोन फिरवला, आणि घरी येऊन बघते तर निम्म्या चित्रणात नुसतं आभाळ. तेव्हा साहेबांनी सुनावलं होतं, "ड्रोन कुठंही जाऊ दे, नजर टाकीवरून हलता कामा नये." ते तंत्र मी पुढं घोटून घोटून शिकले.

मी ऑफिसातून महिनाभराची रजा घेतली. आईला सांगितलं, उरलेल्या बागेवर लक्ष ठेवते. माझा स्वतःचा एक छोटा ड्रोन होता. त्याचा मार्ग मी आमच्याच शेताच्या चारी कडांनी आखला, एक वीतभरही बाहेर नाही. कॅमेऱ्याला मात्र लक्ष्य दिलं नानांच्या खाटेचं.

पहिल्या दिवशी फसलं. लक्ष्याची उंची ड्रोन जिथून उडतो तिथून मोजावी लागते, आणि नानांचं शेत आमच्यापेक्षा पुरुषभर उंचावर. मी ते धरलंच नव्हतं. कॅमेरा खाटेऐवजी अलीकडच्या उतारावरचं गवत दाखवत राहिला. दुसऱ्या दिवशी उंची सुधारली, तर प्रत्येक कोपऱ्यावर वळताना कॅमेरा ड्रोनच्या तोंडाबरोबर फिरायचा आणि नाना हातातून सुटायचे. मग मी प्रत्येक टप्प्यावर वेगळी सूचना भरली: तोंड खाटेकडे, पुढच्या टप्प्यापर्यंत खाटेकडेच. तिसऱ्या दिवशी जमलं. ड्रोन शेताला पूर्ण फेरी मारून आला आणि स्क्रीनच्या मधोमध एकच माणूस होता, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मग रोज दुपारी चारला, त्यांच्या चहाच्या वेळी. लपूनछपून काहीच नाही. मी बांधाजवळ उघड उभी राहायचे.

आधी नानांनी शिव्या दिल्या. मग ढेकूळ फेकलं, ते अर्ध्यातच पडलं. आठवड्यानं खाट गोठ्याच्या आडोशाला गेली. मी गोठ्याचं दार लक्ष्य केलं. काकू, नानांची बायको, त्या वेळी गोठ्यालगतच्या घराच्या दारात बसून केस विंचरायची. ड्रोनचा आवाज आला की फणी हातात घेऊन ती आत पळायची. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. लहानपणी तिच्या हातचे कितीतरी गुळाचे लाडू मी खाल्ले होते. ते आठवूनही मी दुसऱ्या दिवशी बॅटरी चढवली.

नाना पोलीसपाटलांकडे गेले. पाटील आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना मोबाईलवर मार्ग दाखवला.

"हे तर तुमच्याच शेतावर फिरतंय," ते म्हणाले.

"मग? एकदा बाग कापली गेली, राखण नको करायला?"

"आणि कॅमेरा कुठं बघतो?"

"जिकडून भीती आहे तिकडं."

पाटलांनी एकदा माझ्याकडे, एकदा अप्पांकडे पाहिलं. अप्पा मान खाली घालून सुपारी कातरत होते. "फार ताणू नको, ताई," म्हणून पाटील उठले.

तिसऱ्या आठवड्यात नाना एका दुपारी बांधावर आले. दाढी वाढलेली. ड्रोन वर, आमच्या बाजूला घोंगावत होता आणि ते हातानं डोळ्यांवर सावली धरून त्याच्याकडे बघत होते.

"बंद कर वं ते," ते म्हणाले. "मले झोप नाही येत. घरात बसलो तरी वाटते, वरून कोनी पाहू राह्यलं."

"बाग कोणी कापली, नाना?"

"मीच कापली." अगदी सहज म्हणाले. मग म्हणाले, "अन् माह्या ठिबकची मोठी नळी कोनं कापली, ते तुह्या बापाले विचार. मी आठ दिवस पोरीकडे धुळ्याले गेल्तो. भर मे महिन्यात. आलो तं बठ्ठी रोपं वायली होती."

मी घरी आले. अप्पा अंगणात वैरण टाकत होते. मी सरळ विचारलं. ते वैरण टाकतच राहिले. पेंढी संपली तेव्हा म्हणाले, "त्यानं दोनदा माझी पाळी खाल्ली होती."

"म्हणून रोपं वाळवली?"

"एक दिवसाचं पाणी तोडायचं होतं. तो एवढे दिवस येणार नाही, हे मला काय ठाऊक?"

म्हणून पोलिसांना नाव सांगितलं नाही. म्हणूनच ते "जाऊ दे". मी तीन आठवडे ज्यांच्यासाठी सूड घेत होते, त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून आठ-दहा दिवस मी अप्पांशी बोलले नाही. आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची.

तरीही नानांवरचा माझा राग उतरला नाही, हे मी लपवणार नाही. चूक अप्पांची होती, पण पदरानं माती पुसत बसली होती ती आई, आणि तिनं कोणाची नळी कापली नव्हती. मी आणखी दोन दिवस ड्रोन उडवला. नानांना वाटू नये की त्यांनी सांगितलं म्हणून मी थांबले. दुसऱ्या दिवशी काकू दारात आली. या वेळी पळाली नाही. फणी मांडीवर ठेवून वर बघत बसली, आणि फेरी संपेपर्यंत बघत राहिली. ते चित्रण मी पुन्हा बघू शकले नाही. ड्रोन पेटीत घातला आणि रजा संपल्यावर जळगावला परतले.

पुढं अप्पा आणि नानांनी पोलीसपाटलांसमोर पाण्याच्या पाळ्या लिहून घेतल्या. आता ते एकमेकांशी बोलतात. केळीच्या भावाबद्दल, व्यापाऱ्याच्या लबाडीबद्दल, तासन् तास. अप्पांना हे सोपं गेलं. दोघांनी एकेकदा कापलं होतं, फिटंफाट.

गेल्या महिन्यात नानांनी अप्पांकरवी निरोप पाठवला. त्यांच्या बागेत कुठं कुठं पानं पिवळी पडताहेत, ड्रोननं वरून बघून देशील का? मी नाही म्हटलं.

"किती दिवस धरून बसशील, पोरी?" अप्पांनी फोनवर विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही. आणि आई कशी आहे ते विचारलं.