काकूंनी निवडलेला रिसीव्हर

फोरमन निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीला ते अजून आपलं कारखान्यातलं खातंच समजतात. कुणाचा पंप अडला की बोलावण्याची वाट न पाहता पाना घेऊन हजर. त्यांची उभी हयात पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांत गेली. त्या धडधडाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिथे सगळे हातवारे करून बोलत आणि यंत्राची तब्येत त्यावर तळहात ठेवून ओळखत. या नोकरीत फोरमनचा डावा कान गेला आणि उजवा लहरी झाला. पण हे कबूल करतील तर ते फोरमन कसले! लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं ठाम मत आहे.

त्यांच्या बायकोला गल्ली काकू म्हणते. काकूंचं दुखणं डोळ्यांचं. नजरेच्या मधोमध आधी धूसर ठिपका आला आणि तो पसरत गेला. आता कडेकडेचा उजेड तेवढा उरलाय. डॉक्टरांनी हात टेकले. काकूंनी मात्र स्वयंपाकघर असं मुठीत ठेवलं की पाहुण्याला पत्ता लागू नये. अडलं ते एकाच जागी. रविवारी दुपारी दोघांनी मिळून सिनेमा बघायचा, हा त्यांचा लग्नापासूनचा शिरस्ता होता.

टीव्हीचे सगळे आवाज एकाच फटीतून येत. ‘आता कोण बोललं?’ काकू विचारत. फोरमन सांगत, पण त्यांनाच अर्धं ऐकू आलेलं. त्यामुळे सासरा जावयाला जे म्हणाला ते जावयाच्या तोंडी जाई आणि गोष्टीचा पार विचका होई. काकू आधी हसत. मग विचारणं बंद झालं. एका रविवारी त्या मध्येच उठल्या, ‘तुम्ही बघा, मी जरा पडते,’ म्हणाल्या, आणि पुन्हा सिनेमाला बसल्याच नाहीत. रिकाम्या खुर्चीशेजारी बसून बघणं फोरमनना जमेना. बायको आतल्या खोलीत होती, आणि तरी त्यांना तिची आठवण येई.

मुलीने फोनवर सुचवलं, ‘बाबा, होम थिएटर घ्या. आवाज चहूबाजूंनी येतो, आईला कळेल कोण कुठे आहे ते. फक्त रिसीव्हर नीट निवडा.’ रिसीव्हर म्हणजे काय, हे फोरमनना लगेच कळलं. तो स्पीकरांवरचा मुकादम. सिनेमाचा आवाज हातात घ्यायचा आणि तू समोरून हे बोल, तू मागून ते बोल, अशी कामं वाटून द्यायची. मुकादम पारखायला आपल्याला कुणी शिकवायला नको, असं म्हणून ते एकटेच दुकानात गेले.

दुकानातल्या बाईने मागच्या बंद खोलीत दोन रिसीव्हर लावले आणि पडद्यावर सिनेमातला एकच प्रसंग लावून तो दोघांवर ऐकवला. ‘फरक कळतोय ना, काका?’

‘तर काय,’ फोरमन म्हणाले. त्यांच्या कानाला फरक औषधालाही नव्हता. मागच्या कोपऱ्यांतले स्पीकर चालू आहेत की शोभेला ठेवलेत, हेही त्यांना सांगता आलं नसतं. इथे चुकलं तर काकू एकदा येऊन बसतील, मन राखायला थोडं थांबतील आणि कायमच्या आत निघून जातील. शेवटी त्यांनी आपलं ठेवणीतलं शास्त्र काढलं. दोन्ही डबे उचलून पाहिले, दोन्हींवर तळहात ठेवला. एक चांगला जड होता, आणि त्याची बारीक थरथर हाताला लागत होती. ‘हा द्या. यात दम आहे.’

बाईने डबा बांधायला घेतला नाही. ‘घरी ऐकणार कोण?’

‘आमचं कुटुंब.’

‘मग त्यांनाच आणा ना एकदा.’

काकू तयार होईनात. ‘मला काय दाखवायला नेताय आता?’

‘दाखवायला नाही गं. मला एकट्याला ठरवता येत नाहीये.’ हे वाक्य या संसारात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. काकूंनी चपला घातल्या.

जड रिसीव्हर त्यांनी शांतपणे ऐकला. ‘दणदणीत आहे. पण सगळी माणसं समोरच्या भिंतीला चिकटलीत.’ मग बाईने दुसरा लावला, आणि काकूंची मान हळूहळू उजवीकडे वळली. ‘ही आत आली,’ त्या म्हणाल्या. ‘हातात काहीतरी जड आहे. ठेवलं. रागावलीय, पाय आपटतेय. आता माझ्या मागून चालली.’ त्यांचा हात उठला होता आणि बोट खोलीभर सिनेमातल्या त्या बाईच्या मागे फिरत होतं. फोरमननी पडद्याकडे पाहिलं, मग बोटाकडे पाहिलं. बोट बरोबर होतं. बाई पडद्यावरून निघून गेली तरी बोट तिच्या मागे चाललंच होतं. फोरमन थक्क झाले. यंत्रांनी माणसाचं काही ना काही घेतलेलं त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. परत दिलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

हलका रिसीव्हर स्पीकरांसकट घरी आला. सोबत इवलासा माईक होता. तो ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, म्हणजे रिसीव्हर एकेका स्पीकरला शीळ घालायला लावून खोली मापून घेतो. फोरमननी तो काकूंच्या खुर्चीत, काकूंच्या कानांच्या उंचीवर बांधला.

‘आणि तुमची खुर्ची?’

‘माझं भागतंय.’

रविवारी दुपारी पडदे ओढून दोघं बसले. सिनेमा माळावरच्या एकाकी घराचा होता. फोरमन सिनेमा सोडून काकूंकडेच बघत होते, आता उठतात की मग उठतात. तेवढ्यात काकूंनी मान मागे वळवली.

‘अहो, मागचं दार उघडं राहिलंय.’

फोरमन उठायला गेले आणि थांबले. काकूंच्या पाठीमागे दार नव्हतं. तिथे भिंत होती, त्यांनी स्वतः रंगवलेली.

‘अगं, तिथे कुठलं दार?’

‘आहे हो. वारा येतोय बाहेरून. कुणीतरी आत येऊन उभं राहिलंय.’

फोरमननी जिवाचा कान केला. काही नाही. पडद्यावर एक बाई एकटीच कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मग तिचे हात थांबले. तिने मान वर केली, थेट काकूंच्या डोक्यावरून त्या भिंतीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

फोरमनच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी मागे वळून पाहिलं. भिंत भिंतच होती. शेजारी काकू खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्या होत्या, डोळे मिटून, तोंडावर पोरीसारखं कुतूहल.

‘कोण आहे गं?’ फोरमननी हलकेच विचारलं.

काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ‘थांबा,’ त्या म्हणाल्या. ‘जरा पुढे येऊ दे. सांगते.’