गिरणीच्या आवाजातली गोष्ट

केनवडची गिरणीवाली बाई माझ्यासारखीच चोरून प्रेमाच्या गोष्टी लिहिते. तिची गोष्ट मासिकाकडून परत आली की हातावरचं पीठ झटकते आणि म्हणते, "दुसरी लिहू वं." गिरणी चालू असताना ती तिची गोष्ट माझ्या कानात सांगते, मी माझी तिच्या. एवढ्या आवाजात तिला ऐकू कसं येतं, कोण जाणे. दळण संपलं की मात्र ती गिरणी लगेच बंद करते. रिकामी चालली तर दगड झिजतात.

काल माझा नायक मनातलं बोलायला लागला आणि नेमके माझे गहू संपले. आता गिरणी थांबणार आणि बाहेर बसलेल्या बायकांना सगळं ऐकू जाणार, म्हणून मी गप्प झाले. तिनं स्वतःच्या घरची ज्वारी गिरणीत ओतली आणि कान पुढे केला.

"काहून थांबली वं? मंग तो काय म्हणे तिले?"