जिन्याखालचे तीन डबे

चंदीगडजवळ झिरकपूरला मी एका मराठी डॉक्टरांकडे स्वयंपाक करते. त्यांच्या वरच्या मजल्यावर कॉलेजात जाणारी एक मुलगी राहते. तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदीत. बोलताना चष्मा वर सारते आणि दर वाक्याला "पक्का?" विचारते. मला मात्र मावशी म्हणते.

तिने मैत्रिणींबरोबर जिन्याखाली सुक्या कचऱ्याचे तीन रंगीत डबे ठेवले, वर इंग्रजी पाट्या लावल्या. बागेत खुर्च्या मांडून घरमालकांची सभा घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तरी आठ दिवसांत डब्यांत भाजीची सालं आणि चहाचा चोथा दिसू लागला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, रविवारी डबे उचला.

शनिवारी मी कचरा घेऊन उतरले, तर ती डब्यांपाशी उकिडवी बसली होती.

"मावशी, लोग सुनते क्यों नहीं?"

मी एरवी बोलले नसते. पण म्हटलं, "तू ज्यांना सांगितलंस, ते कचरा खाली आणत नाहीत. आम्ही आणतो. आम्हाला ती पाटी वाचता येत नाही."

तिचे कान लाल झाले. तिने पाट्या काढल्या. एका डब्यावर दुधाची रिकामी पिशवी चिकटवली, दुसऱ्यावर वर्तमानपत्र, तिसऱ्यावर पत्र्याचं झाकण. मग सेक्रेटरींकडे जाऊन म्हणाली, "अंकल, गलती हमारी थी. एक हफ्ता और दीजिए." ते हो म्हणाले.

रविवारी सकाळी सातला आम्ही कामवाल्या आलो, तेव्हा जिन्यापाशी सभेतल्या त्याच खुर्च्या मांडलेल्या होत्या. ती म्हणाली, "बैठिए ना." मालकांच्या खुर्चीवर कुणी बसेना. ती हात जोडून उभीच राहिली.

मग मी बसले.