उबीनच्या भिंतीवरची नक्षी

बसा, चहा ओतते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगत नाही. माणूस एकदा चुकतो, ते समजून घेता येतं. मी एका चुकीचे बावीस मीटर छापले.

मी कापडावर स्क्रीन प्रिंटिंग करते, हे तुम्हाला माहीत आहेच. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, नक्षीपुरती ती मोकळी ठेवायची, बाकीची बंद करायची. मग वर रंग ओतून तो रबराच्या पट्टीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा, की जाळीतून कापडावर उतरतो. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. तीन रंग असले की तीनदा ओढा. ऐकायला छान वाटतं ना? माझ्या उजव्या कोपराला विचारा एकदा.

हा सगळा कारभार आमच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये चालतो. इथल्या नव्या फ्लॅटला जाड भिंतींची एक बॉम्ब शेल्टर नावाची खोली असते. बाकीचे लोक त्यात तांदूळ आणि सुटकेसा ठेवतात, मी चौकटी ठेवते. छपाई जेवणाच्या टेबलावर होते आणि जेवण सोफ्यावर. नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सात महिने पाण्यावर, त्यामुळे त्याची तक्रार नसते. तक्रार करायला माझी मुलगी इरा पुरेशी आहे. चौदा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, तेही इथल्यासारखं वाक्याच्या शेवटी 'ला' लावून.

माझी कल्पना काय होती, की प्रवासात दिसलेले आकार आणि रंग कापडावर आणायचे. हनोईच्या खिडक्यांचे गज आणले. बालीच्या भातखाचरांच्या पायऱ्या आणल्या. लोक टेबलक्लॉथ हातात घ्यायचे, 'किती सुंदर' म्हणायचे आणि नीट घडी घालून परत ठेवायचे. तीन वर्षं मी लोकांना घड्या घालताना पाहिलं. शेवटी इतकी दमले, की म्हटलं आता एक शेवटची नक्षी, ती चालली नाही तर चौकटी भंगारात आणि शेल्टरमध्ये तांदूळ.

अशात एका रविवारी मी आणि इरा बमबोटीनं, म्हणजे छोट्या लाकडी होडीनं, पुलाउ उबीन बेटावर गेलो. सायकली घेतल्या. अर्ध्या तासात मला धाप लागली म्हणून एका जुन्या कांपोंग, म्हणजे खेड्यातल्या पद्धतीच्या, घरासमोर थांबलो. घर लाकडी, पत्र्याचं छप्पर, दाराला कुलूप. आणि भिंत. काय भिंत होती हो ती. शेवाळी हिरवा, उडालेला रंग, आणि त्यावर केशरी आणि निळ्या खडूनं काढलेल्या आकृत्या. छोटी वर्तुळं, फुल्या, आणि फळ्यांवरून वर चढत जाणारे बाण. एका ओळीत नाहीत, पण त्यांना एक लय होती. मी सगळ्या बाजूंनी तीसेक फोटो काढले.

इरा सायकलवरून उतरलीसुद्धा नाही. म्हणाली, "आई, इट्स जस्ट मार्किंग, ला."

"कसलं मार्किंग? पिढ्यान्‌पिढ्यांची कला असते ही. नीट बघ."

"ओके, ला," ती म्हणाली आणि फोन काढला.

घरी येऊन मी कामाला लागले. तो शेवाळी हिरवा जुळायलाच चार दिवस गेले. दमट हवेत रंग वाळता वाळत नाही, ओला एक दिसतो, वाळला की दुसरा. नक्षी जशीच्या तशी उचलली, फक्त दोन वर्तुळं जरा डावीकडे सरकवली, तोल बरा दिसावा म्हणून. मग तोच तुकडा एकापुढे एक जोडत नेला आणि नमुन्याचा एक टेबलक्लॉथ छापला.

तो मी मराठी मंडळींच्या एका स्नेहसंमेलनात टेबलावर मांडला. तिथे नीलिमाताई आल्या. पंचावन्नच्या, स्वभावानं प्रेमळ, पण प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारणाऱ्या. नुकताच जुरोंग ईस्टला अठराव्या मजल्यावर कोंडो, म्हणजे खासगी सोसायटीतला फ्लॅट, घेतला होता.

"सुजाता, याचा अर्थ काय गं?"

आता तिथे मी 'माहीत नाही' म्हणाले असते, तर आज तुम्हाला नुसता चहा मिळाला असता. मी म्हणाले, "उबीनची जुनी नक्षी आहे, ताई. बहुतेक घराच्या रक्षणासाठी काढत असावेत."

"अगंबाई. मग हे वर्तुळ म्हणजे?"

"बहुतेक कुटुंब."

"आणि फुली?"

"चार दिशा."

पाहिलंत? 'बहुतेक' हा शब्द तिथेच गळून पडला. बाणांपर्यंत पोचेपर्यंत मी छातीठोकपणे सांगत होते, की ती घरात वर चढत जाणारी समृद्धी आहे.

नीलिमाताईंनी टेबलक्लॉथची घडी घातली नाही. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आमची वास्तुशांत आहे. हॉलला चार खिडक्या आहेत. याचे पडदे करून दे."

बावीस मीटर कापड. तीन रंग. प्रत्येक रंग आधी वाळू द्यायचा, मग पुढचा ओढायचा, शेवटी सगळ्यावर इस्त्री फिरवून तो पक्का करायचा. तीन आठवडे आम्ही मायलेकी कापडांच्या दोऱ्यांखालून वाकून चालत होतो. डाव्या हातानं भात खायला मी याच काळात शिकले. पण मनात एकच होतं, की कुणीतरी एकदा माझं काम घरात लावणार आहे.

वास्तुशांतीला तीसेक माणसं होती. होम झाला, जेवणं व्हायची होती, आणि नीलिमाताईंनी मला पडद्यांपाशी उभं केलं. "सुजाता, सगळ्यांना सांग गं याचा अर्थ."

मी सांगितला. कुटुंब, दिशा, समृद्धी. लोक मान डोलावत होते. एका काकांनी चष्मा सारखा करून विचारलं, "हे दोन बाण खाली का वळलेत?"

मी क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो पूर्वजांना नमस्कार आहे."

कुणी तोंडात बोटं घातली नाहीत एवढंच. जेवणाची पानं उठेपर्यंत मला सहा ऑर्डरी मिळाल्या होत्या. त्यात एक बारशाचं दुपटं. बाळाच्या रक्षणासाठी.

पण त्या काकांनी निघताना आणखी एक प्रश्न विचारला. "त्या घरच्या लोकांना माहीत आहे ना, तुम्ही त्यांची नक्षी घेतली ते?"

हा प्रश्न मात्र मला लागला. दुपटं छापताना, इस्त्री करताना, सारखा तोच. दुसऱ्याच्या पूर्वजांचं उचलायचं आणि साधं विचारायचंही नाही? म्हणून दुपटं देऊन झाल्यावर मी एक टेबलक्लॉथ छान बांधला आणि इराला घेऊन पुन्हा बमबोट पकडली. मनात वाक्यं जुळवत होते. तुमची कला मी जगापुढे नेते आहे, वगैरे.

या वेळी कुलूप नव्हतं. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बनियन घातलेले एक चिनी अंकल बसले होते, पंचाहत्तरीचे तरी असतील. आणि भिंत पांढरी होती. कोरी, नव्या रंगाची.

"अंकल," मी विचारलं, "भिंतीवरची नक्षी कुठे गेली?"

"कसली नक्षी?"

मी टेबलक्लॉथ सोडून त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. वर्तुळावर बोट ठेवलं, फुलीवर ठेवलं, बाणाच्या मागं मागं नेलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मी इराला कोपरानं खूण केली.

मग ते म्हणाले, "आय्या. धिस वन माय टर्माइट, ला."

तुम्हाला लगेच कळलं असेल. मला दोनदा विचारावं लागलं. वाळवी. त्यांच्या घराला वाळवी लागली होती. औषध मारणारा माणूस आला, त्यानं भिंत ठोकून पाहिली आणि खडूनं खुणा केल्या. अंकलनी मला एकेक समजावून सांगितलं, अगदी मी नीलिमाताईंना सांगितलं होतं तसं. वर्तुळ म्हणजे इथे भोक पाडून औषध भरायचं. फुली म्हणजे ही फळी संपली, बदलायची. बाण म्हणजे वाळवी या बाजूनं चढते आहे.

"आणि हे खाली वळलेले दोन?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"तिथून ती स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्याखाली."

इरानं तोंड फिरवून समुद्राकडे पाहायला सुरुवात केली. तिचे खांदे हलत होते.

मी मनाशी म्हणाले, झालं ते झालं, माफी मागू आणि निघू. पण अंकल कापड सोडेनात. त्यांची अडचण अशी, की औषधाची दुसरी फेरी बाकी असताना त्यांच्या जावयानं उत्साहानं भिंत रंगवून टाकली होती. खुणा गेल्या. परवा औषधवाला येणार होता, आणि कुठे मारायचं ते कुणालाच आठवत नव्हतं. आता हा नकाशा घरपोच आला होता.

त्यांनी मोजत मोजत बोट थोडं पुढे नेलं आणि थांबले. "पण एवढी कुठे होती? एवढी असती तर घर पडलं असतं."

"अंकल, ती नक्षी पुन्हा पुन्हा येते. एकच तुकडा जोडत नेलाय."

"मग खरी वाळवी कोणती?"

इराच्या दप्तरातून पेन घेऊन मी माझ्या टेबलक्लॉथवर एक चौकोन आखला आणि सांगितलं, ही खरी. त्यांनी त्यातल्या दोन वर्तुळांकडे पाहिलं आणि मान हलवली. ही इथे नव्हती, म्हणाले, खिडकीच्या उजवीकडे होती.

"ती मी सरकवली," मी म्हणाले. "दिसायला बरं दिसावं म्हणून."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दमून. मग पेन घेतलं आणि ती दोन वर्तुळं खोडून बरोबर जागी काढली. जाताना त्यांनी आम्हाला दोन शहाळी दिली आणि आभार मानले. तीन वर्षांत माझ्या कामाचा कुणाला इतका उपयोग झाला नव्हता.

परतीच्या बोटीत इरा एकदाच म्हणाली, "आई, कॅन आय से समथिंग?"

"नको," मी म्हणाले.

पुढचे चार दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. गप्प बसता आलं असतं. पण ज्या बाईनं वास्तुशांतीला, देवाब्राह्मणांसमोर, विश्वासानं खिडक्यांना वाळवी टांगली, तिला अंधारात कसं ठेवणार? पाचव्या दिवशी दुपारी मी जुरोंग ईस्टला गेले. नीलिमाताईंनी चहा केला. चारी पडदे समोर वाऱ्यावर हलत होते. मी पेल्याकडे बघत सगळं सांगितलं. वर्तुळ, फुली, बाण, तांदळाचा डबा. बाळाच्या दुपट्याचंही सांगितलं. म्हणाले, "ताई, पडदे मी काढून नेते. दुसरे करून देते, तुम्ही म्हणाल त्या नक्षीचे. हनोईचे गज आहेत, बालीची भातखाचरं आहेत."

नीलिमाताई उठल्या, स्टूल आणलं आणि स्वतःच पहिला पडदा काढायला लागल्या. मला रडू यायचं बाकी होतं. म्हटलं, "ताई, रागावलात का?"

"नाही गं, रागावू कशाला? उलट सुटले," त्या स्टुलावरून म्हणाल्या. "अर्थ एवढा चांगला होता, म्हणून काढायची हिंमत होत नव्हती. दिसायला मला ते पहिल्या दिवसापासून वाळवी लागल्यासारखेच वाटत होते."