रुखमिणी बसली की गाडी बंद

लाखनीजवळच्या त्या गावात सोमाजीइतका बायकोवेडा धानकरी दुसरा नव्हता, आणि हे एकट्या सोमाजीला सोडून सगळ्यांना माहीत होतं. सत्त्याहत्तर साली मामाची जुनी फटफटी त्यानं आणली, ती काही शेतावर मिरवायला नव्हे. रुखमिणीला मागं बसवून तिच्या माहेरी, कोंढ्याला न्यायला.

पण गाडीचं तंत्र अजब. सोमाजी एकटा असला की भंडाऱ्यापर्यंत तक्रार नाही. रुखमिणी बसली, की तलावाच्या बांधावर, पाळीवरच्या खड्ड्यांत फट्‌ करून बंद. ती उतरली की लगेच सुरू, बसली की पुन्हा बंद! मग ती चालायची, आणि तिला एकटीला कसं चालू द्यायचं, म्हणून हा चांगली चालणारी गाडी बंद करून सोबत ढकलत न्यायचा. लाखनीच्या मिस्त्रीनं प्लग बदलला, पॉइंट घासले, एकट्यानं चक्कर मारली नि म्हणाला, "भाऊ, गाडीत काहीच नाही."

मग उरलं कोण? सासू चंद्रभागाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "गाडीले सूनच सोसत नाही." गल्लीनं हसून घेतलं. रुखमिणी हसली नाही.

"आता तुमच्या गाडीवर बसनं बंद," ती नवऱ्याला म्हणाली. तिकडे आई वाट पाहत होती, आणि ही ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली.

सोमाजीनं मागं धानाचं पोतं बांधून पाहिलं. पाळीवरूनही गाडी पळाली. शेजारचा टिकाराम वजनानं पोत्याच्या वरचढ; त्याला बसवलं. तरी पळाली. सोमाजी मान खाली घालून ओट्याशी येऊन उभा राहिला.

रुखमिणीनं सुपातून वर न पाहता विचारलं, "टिकारामभाऊजी कसे बसले होते?"

"कसे म्हंजे? दोन्हीकडं पाय टाकून."

"अन् मी काय तशी बसली होती?"

सोमाजी तिच्याकडं बघतच राहिला. मग ओरडत सुटला, "टिकाराम! एका बाजूनं बस!"

"काहून? मी काय नवी नवरी हाओ?"

"बस म्हनतो ना बे!"

झुपकेदार मिशांचा टिकाराम दोन्ही पाय डावीकडं सोडून, सोमाजीचा खांदा धरून बसला. कोणीतरी त्याच्या डोक्यावरून दुपट्टाही ओढला. अख्खी गल्ली पाळीवर जमली. आणि खड्डा आला तशी गाडी फट्‌ करून बंद!

"काकू," टिकारामनं तिथूनच चंद्रभागाबाईला हाळी दिली, "गाडीले मी बी सोसलो नाही!"

रुखमिणी पदर तोंडात कोंबून हसली; कितीतरी दिवसांनी.

सीट उचलली, तर खाली डाव्या बाजूला चाबीकडं जाणारी तार घासून उघडी पडलेली. वजन त्या कडेला आलं नि गाडी उसळली, की सीटची स्प्रिंग तारेला लोखंडी सांगाड्यावर दाबायची, आणि प्लगची ठिणगी तिथंच मरायची. सोमाजीनं सायकलच्या ट्यूबची पट्टी तारेला गुंडाळली, वर सुतळीनं ती बाजूला बांधून टाकली. चंद्रभागाबाईनं विहिणीसाठी लाखोरीची डाळ सुनेच्या पिशवीत मुकाट भरली.

सकाळी दोघं निघाली. पाळीवर रुखमिणीची बोटं नवऱ्याच्या खांद्यात रुतली होती. पाळ संपली, गाडी चालूच. बोटं सैल झाली, पण खांदा काही सुटला नाही.

कोंढ्याहून परतताना मात्र त्याच पाळीवर गाडी थांबली.

"आता काय झालं?"

"मीच बंद केली," सोमाजी म्हणाला. "इथून तुह्यासंग पायी जायची सवय लागून गेली."

रुखमिणीनं इकडंतिकडं पाहिलं. खाली टिकाराम बैल धूत होता. म्हणजे आता सगळ्या गावानं पाहिल्यातच जमा.

"चला मुकाट," ती म्हणाली, आणि खाली उतरून गाडीला मागून हात लावला.