बर्फातली बोलणारी हेल्मेटं

आमच्या गॅरेजमधल्या आडव्या फ्रीझरमध्ये मटार, खवलेला नारळ, भारतीय दुकानातनं आणलेली भेंडी आणि एक हेल्मेट इतका ऐवज होता. बायकोनं रविवारी नारळ काढायला झाकण उचललं, तर काळ्या काचेआडून कोणीतरी तिच्याकडे बघतंय असं तिला वाटलं. ती एवढ्या जोरात किंचाळली की मी अंगणातनं धावत आत आलो.

"हे काय आहे?"

"कामाचं आहे. बॅटरी थंडीत किती टिकते ते बघतोय."

"काम ऑफिसात असतं," ती म्हणाली. "इथे माझे मटार असतात."

माझं ऑफिस म्हणजे शहराच्या माउंट वेलिंग्टन भागातली एक छोटी कंपनी. ट्रकमध्ये आणि बोटींवर रेडिओ संच बसवणं हा आमचा धंदा. मी पुण्याहून या देशात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. आम्ही त्याच शहरात अवोन्डेलला भाड्याच्या घरात राहत होतो आणि बायको जवळच्याच एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती. माझा साहेब उंच, किडकिडीत माणूस होता. कुठलीही अडचण सांगितली की 'सगळं झकास' अशा अर्थाचं त्याचं उत्तर एकच, "स्वीट अ‍ॅज."

एके दिवशी त्यानं मला बोलावलं. खाली देशाच्या दक्षिण बेटावर, ओटागोच्या डोंगरांत, एक बाई पर्यटकांना स्नोमोबिलवरून फिरवायची. स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटरसायकलच, पुढे चाकाऐवजी दोन पट्ट्या आणि मागे फिरणारा रुंद पट्टा. तिचं इंजिन इतकं कर्कश की पुढच्या गाइडचं मागच्याला काही ऐकू येत नाही. हातानं खुणा कराव्यात तर धुक्यात दिसत नाहीत. बाईला हेल्मेटमधून बोलायची सोय हवी होती, आणि बाजारात जे काही मिळतं त्यातलं योग्य ते आम्ही निवडून द्यायचं होतं.

"तू जा," साहेब म्हणाला. "हीप्स, ढीगभर मजा येईल."

तोवर मी बर्फ फक्त विमानाच्या खिडकीतून पाहिलं होतं. तसं मी त्याला सांगितलं नाही.

मी तीन तऱ्हांचे संच मागवले. एकात दोन हेल्मेटांमध्ये वायर होती, म्हणजे चालवणारा आणि मागे बसलेला एवढ्यांनीच बोलायचं. दुसरा ब्लूटूथचा. तेव्हा ते नवं नवं होतं, दिसायला फार देखणं होतं, पण आवाज आमच्या अंगणाच्या कुंपणापर्यंतसुद्धा धड पोचत नव्हता. तिसऱ्यात खिशात एक वॉकी-टॉकी, हेल्मेटमध्ये माइक आणि स्पीकर.

फ्रीझरचं प्रकरण झाल्यावर बायकोलाही रस वाटू लागला. मी हेल्मेट घालून सुरू केलेल्या गवत कापायच्या मशीनशेजारी उभा राहायचो, ती दुसरं हेल्मेट घालून स्वयंपाकघरातून काहीबाही बोलायची, आणि मला ऐकू येईल ते मी परत म्हणायचो.

"आज संध्याकाळी थालीपीठ!"

"आज संध्याकाळी खाली बीच?"

"थालीपीठ रे, थालीपीठ!"

आवाज ऐकून आपोआप चालू होणारा माइक आम्ही पहिल्याच दिवशी बाद केला. मशीनच्या घरघरीनंच तो चालू व्हायचा आणि बायकोला नुसती घरघर ऐकू यायची. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कुंपणावरून आमच्याकडे बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी हात हलवून इथला नमस्कार घातला. "किया ओरा! चंद्रावर निघालात का?"

दक्षिणेला जायचं ठरलं तेव्हा बायकोनं परस्पर रजा टाकली. "बर्फ बघायला तू एकटा जाणार? आणि वर त्याला काम म्हणणार?"

डोंगराच्या पायथ्याशी स्नोमोबिलवाल्या मालकीणबाईंचं घर होतं. साठीच्या पुढच्या, पिकलेल्या केसांची जाड वेणी, हात शेतकऱ्याचे. नवरा गेल्यापासून त्या मेंढ्या आणि स्नोमोबिलचा धंदा दोन्ही एकट्या बघत होत्या. हाताखाली दोन गाइड होते, एक दाढीवाला आणि एक त्याची बहीण. सकाळी त्यांनी आम्हाला बर्फावर चालणाऱ्या गाडीतून वरच्या पठारावर नेलं. मी दार उघडून ऐटीत पाय खाली टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय काढायला गेलो तर बूट आतच राहिला. बायको हसत हसत माझ्या शेजारीच बसली. दोघेही तिथे बसून बर्फ मुठीत घेऊन नुसते दाबून बघत होतो. मालकीणबाईंनी आम्हाला घाई केली नाही.

मग काम सुरू झालं. मी पठारावरच्या खोपटाच्या पायरीवर रेडिओ घेऊन बसलो. ते तिघं स्नोमोबिलवरून लांब जाणार, मी एक वाक्य बोलणार, आणि त्यांनी तेच परत म्हणायचं. दाढीवाल्यानं बिनचूक म्हटलं. बहिणीनंही म्हटलं. मालकीणबाईंचा आवाज आला, "पुटपुटतोयस."

माझा चेहरा पडला. दोन वर्षं ऑफिसात फोन उचलला की पलीकडून "पार्डन?" ऐकायची मला सवय झाली होती. माझे उच्चारच लागत नसणार, असं धरून मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललो.

"आता हळूहळू पुटपुटतोयस."

मी ओरडलो.

"आता मोठ्यानं."

दिवसभरात मी माइक बदलला, त्याच्यावरचा स्पंज बदलला, रेडिओ बदलला. गाइड मंडळींना सगळं नीट ऐकू येत होतं, बाईंना काही केल्या नाही. संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी मिळून भोपळ्याचं सूप प्यायलं. खोलीवर आल्यावर बायको म्हणाली, "त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"कशावरून?"

"जेवताना मी त्यांच्या डावीकडे बसले होते. दोनदा बोलले तर उत्तर नाही. मग उठून उजवीकडे बसले तर गप्पाच संपेनात. दुकानात काउंटरवर रोज बघते मी, माणसं चांगला कान कसा पुढे करतात ते." मग तिनं विचारलं, "तुझे स्पीकर कुठल्या बाजूला आहेत?"

सगळे डावीकडे होते. मीच बसवले होते, एका हेल्मेटात एकच, म्हणजे दुसऱ्या कानानं आजूबाजूचं ऐकू यावं.

सकाळी कोणी उठायच्या आत मी बाईंच्या हेल्मेटातला स्पीकर उजवीकडे बसवला. कोणाला काही बोललो नाही. बाई पठाराच्या पार टोकाला गेल्या, एक केशरी ठिपका तेवढा दिसत होता. मी बटण दाबून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "गुड मॉर्निंग. आज आकाश स्वच्छ आहे."

तो ठिपका थांबला. मग, "परत बोल."

"आज आकाश स्वच्छ आहे आणि माझ्या बुटात बर्फ गेलंय."

रेडिओवर जे हसू आलं ते मी आजही तसंच्या तसं ऐकू शकतो. बाई स्नोमोबिल पळवत परत आल्या, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला कधी कळलं?"

"मला नाही. हिला."

बाई खोपटाच्या पायरीवर बायकोशेजारी बसल्या, ती उजवीकडे येईल अशा बेतानं. बरीच वर्षं झाली, म्हणाल्या. जन्म इंजिनांच्या आवाजात गेला. गाइडना सांगितलं नव्हतं, कारण ज्याला ऐकू येत नाही त्यानं लोकांना डोंगरात नेऊ नये असं ते म्हणतील आणि आपल्याला खाली तिकिटं फाडायला बसवतील, याची धास्ती होती.

"आता तर ऐकू येतंय," बायको म्हणाली. "सांगून टाका."

दुपारी सँडविच खाताना बाईंनी सांगितलं. दाढीवाल्यानं चावणं थांबवलं. बहिणीकडे बघितलं. "म्हणजे इतकी वर्षं तुला ऐकूच येत नव्हतं? आम्हाला वाटायचं, तुला आमचं ऐकायचंच नसतं!" पहिल्यांदा बाईच हसल्या, मग सगळेच. कोणी कोणाला तिकिटं फाडायला बसवलं नाही. फक्त त्या दिवसापासून दोघं भावंडं बाईंच्या उजवीकडे येऊन बोलू लागली.

त्यानंतर निवड करणं सोपं गेलं. ब्लूटूथ मी पेटीत परत भरलं. वायरचा संच मागे कोणी बसणार असेल तेवढ्यापुरता ठेवला. बाकी सगळ्यांना वॉकी-टॉकी, आणि तीही जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेनं बॅटरी टिकावी म्हणून. स्पीकर दोन्ही कानांना, आवाज बेताचा. बोलायचं बटण हँडलच्या डाव्या बाजूला, जाड हातमोज्यातही सापडेल एवढं मोठं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून चाचणी घ्यायची होती. बायको म्हणाली, मी चालवणार. बाईंनी तिला अंगठ्यानं वेग कसा द्यायचा ते दाखवलं आणि आमची वरात निघाली. पुढे बाई, मग बायको, तिच्या मागे मी, शेवटी ती दोघं. चढ संपला आणि समोर एकदम सगळं उघडलं, खाली निळं तळं आणि चहूकडे डोंगरच डोंगर.

"अगं बाई!" कानात आवाज आला. "बघ ना, बघ ना! सगळीकडे श्रीखंड पसरल्यासारखं दिसतंय! अरे, मी चालवतेय! आईला सांगायला पाहिजे! माझं नाक गेलंय कुठेतरी, जाग्यावर वाटत नाहीये!"

उत्साहाच्या भरात तिनं बटण दाबूनच धरलं होतं. ती मराठीत बोलत सुटली होती आणि अख्खा डोंगर ऐकत होता. मध्ये बोलायची कोणाला सोयच नव्हती. शेवटी तिचा अंगठा निसटला.

"सगळं कळलं," बाईंचा आवाज आला. "एक शब्द सोडून. श्रीखंड म्हणजे काय?"

बायकोनं तिथेच, स्नोमोबिल चालवता चालवता, श्रीखंड समजावून सांगितलं. दही टांगायचं, पाणी गळून जाऊ द्यायचं, साखर, वेलची. मागून दाढीवाल्यानं विचारलं की दही कुठे टांगायचं. बहिणीनं विचारलं की कशात. मी चाचणीसाठी घोकून ठेवलेली वाक्यं तशीच राहिली. त्यांची गरजच पडली नाही, सगळ्यांना सगळं लख्ख ऐकू येत होतं.

खाली आल्यावर बाईंनी फ्रीजमधलं होतं नव्हतं तेवढं दही काढलं. फडकं पुरेना, तेव्हा एक धुतलेला उशीचा अभ्रा आणला. बायकोनं तो सिंकवरच्या नळाला बांधला. आम्ही पाचही जण लाल झालेली नाकं घेऊन स्वयंपाकघरात उभे होतो, आणि अभ्र्यातून पाण्याचा पहिला थेंब टपकला तेव्हा दाढीवाल्यानं टाळ्या वाजवल्या.